लिव्हर धरणारा हात

"गुरु, अजून जरा वर."

गुरुनाथकाकांचा डावा हात हलल्याचं मला बाहेरून दिसलं नाही. पडद्यावर मात्र लिव्हरची तपकिरी कड बोटाच्या पेराएवढी वर सरकली आणि तिच्याखालचं जठर उजेडात आलं.

"बस, तिथेच," डॉ. ट्रेविनो म्हणाल्या. "आता श्वाससुद्धा घेऊ नकोस."

"डॉक्टर, या खोलीत मी श्वास घेणं कधीच सोडलंय."

हत्यारं देणारा डार्नेल मास्कमागे खुसखुसला. कोपऱ्यात टॅबलेट घेऊन उभी असलेली मी वेळ टिपली: लिव्हर उचललं, दृश्य स्वच्छ.

वजन कमी करण्याच्या या शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग कापून काढतात. पोट उघडत नाहीत. चार-पाच छोट्या भोकांतून कॅमेरा आणि लांब हत्यारं आत जातात. अडचण एकच असते. लिव्हरचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर झाकणासारखा पडलेला असतो, आणि वजन जास्त असलेल्या माणसात हे झाकण जड, तेलकट, ठिसूळ होतं. ते कुणीतरी उचलून धरल्याशिवाय कापाकापी सुरूच होत नाही. आमच्याकडे ते गुरुनाथकाका धरत. त्यांच्या हत्याराला सगळे फॅन म्हणत. बंद असताना ते जाड पेन्सिलीसारखं दिसायचं. बरगडीखालच्या एका जादा भोकातून आत घालून मूठ फिरवली की स्टीलची बोटं पंख्यासारखी उघडायची. टेबलाला स्क्रूने आवळायचे धातूचे हातही बाजारात मिळतात, पण डॉ. ट्रेविनोंना माणूसच हवा असायचा. लिव्हर फाटायला लागलंय हे टेबलाला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

केस संपल्यावर काका पॅन्ट्रीत डाव्या हाताचा अंगठा उजव्या हाताने चोळत बसले होते.

"काका, दुखतोय?"

"दुखत नाही गं. उघडत नाही लवकर." त्यांनी मुठीतून एकेक बोट सोडवून दाखवलं. "लोक विचारतात अमेरिकेत काय करता. मी म्हणतो, लिव्हर धरतो. पुढचा प्रश्न येतच नाही."

एके काळी ते स्वतः सर्जन होते. नागपूरला एम. एस. केलं, मग यवतमाळ जिल्ह्यात वणीला स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं. अपेंडिक्स, हर्निया, बैलाने शिंग खुपसलेली पोटं, सगळं केलं. अहिल्याकाकूंना इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली तेव्हा तेही आले. इथल्या परीक्षा पास झाले, पण पुन्हा रेसिडेन्सी करायला कुणी घेतलं नाही. पदवी जुनी झाली होती. मग त्यांनी सर्जिकल असिस्टंटचा परवाना काढला आणि प्लेनोच्या या हॉस्पिटलमध्ये लागले. बॅजवर नावाआधी 'डॉ.' नव्हतं. ते डावखुरे आहेत हे मला त्यांच्या अंगठ्यावरून कळलं. ज्या हाताने त्यांनी वणीला सुई चालवली, तोच हात इथे इतकी वर्षं लिव्हरखाली तसाच ताठ उभा होता.

आणि आता तो हात लागतो की नाही, हेच मोजायचं काम माझ्याकडे होतं.

डॉ. ट्रेविनोंनी एक अभ्यास सुरू केला होता. अर्ध्या पेशंटांत लिव्हर फॅनने धरायचं. उरलेल्यांत एक मऊ रबरी पट्टी आत सोडायची. तिचा मध्यभाग श्वासपटलाच्या कडेला एका टाक्याने शिवायचा आणि दोन्ही टोकं पोटाच्या भिंतीला ताणून बांधायची. त्या व्हीमध्ये लिव्हर अलगद वर राहतं. जादा भोक नको, स्टील नको, धरणारा माणूसही नको. दुसऱ्या दिवशी रक्तात लिव्हरला किती मार बसला ते दिसतं, पेशंटला किती दुखतं ते विचारता येतं. कोण कोणत्या गटात, हे कॉम्प्युटर ठरवत असे. मीटिंगमध्ये व्यवस्थापनाने स्पष्टच सांगितलं होतं, की पट्टी पुरेशी ठरली तर या शस्त्रक्रियांसाठी जादा असिस्टंटची जागा राहणार नाही. सुरक्षेसाठी उलटाही नियम होता. पट्टी तीनदा फसली तर अभ्यास थांबवायचा आणि फॅन कायम ठेवायचा.

तोवर ती दोनदा फसली होती.

एका रविवारी काकूंनी मला जेवायला बोलावलं. गोळाभात होता, वर फोडणीचं तेल. जेवता जेवता काकांचा डावा हात टेबलापासून वीतभर वर, हवेत, मूठ आवळून थांबला. त्यांना पत्ता नव्हता.

"बाबा, यू आर डूइंग द हँड थिंग अगेन," त्यांची मुलगी केया म्हणाली आणि तिने तो हात हलकेच खाली ठेवला, रोजचं काम असल्यासारखा.

"हे पट्टीचं काय आहे मला नीट सांगा," काकू म्हणाल्या. "हे काही धड सांगत नाहीत."

मी तोंड उघडायच्या आत काका उठले. गरम पाण्याची रबरी पिशवी भरून आणली, कुठूनशी एक नाडी आणली. नाडीचा मध्य फ्रिजच्या दारावर एका लोहचुंबकाखाली दाबला, दोन टोकं वर दोन लोहचुंबकांखाली खेचून लावली आणि त्या व्हीमध्ये पिशवी बसवली. पिशवी राहिली.

"हे लिव्हर. ही झोळी. आपल्याकडे पोरगं निजवतात तशी."

"ती माझ्या परकराची नाडी आहे," काकू म्हणाल्या.

"स्टराइल करून परत देतो."

केया हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी होती. काकू हसल्या नाहीत. "म्हणजे ही झोळी चालली की तुमचं काम गेलं. आणि तुम्ही मलाच डेमो देऊन राहिले? सत्तावन्न वर्षांचे झाले. कोण घेणार आहे मंग?"

"चालली तर चालली."

"तुम्हाला काय वाटतं पण? कोण जिंकावं?"

काकांनी पिशवीला एक बोट लावलं. ती हलली आणि पुन्हा स्थिर झाली. "फॅन जिंकला तर मी जिंकतो जी. तेवढं कळते मला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू भात घे न. काऊन थांबली?"

ऑगस्टमध्ये शैलामावशींची केस आली. मराठी मंडळात शैलामावशींना न ओळखणारा माणूस प्लेनोत सापडणार नाही. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पुरणपोळीचं पीठ त्यांच्याच हाताखाली मळलं जायचं. मधुमेह आणि गुडघे यांनी त्या जेरीला आल्या होत्या. अभ्यासाला त्यांनी आनंदाने होकार दिला होता.

ऑपरेशनआधी खाटेवरून त्यांनी काकांना हाक मारली. "गुरुनाथराव, तुम्ही आहात ना आत?"

"आहे जी. लिव्हर धरायला."

"धरा मग नीट. माझं सगळंच जड आहे, आधीच सांगते."

आत गेल्यावर मी कॉम्प्युटरचा निकाल उघडला. झोळी.

कॅमेरा आत गेला. पडद्यावर पिवळट, फुगलेलं, गोल कडांचं लिव्हर पसरलं होतं. जठराचं टोक दिसतच नव्हतं.

"हिने ऑपरेशनआधीचं डाएट केलं नव्हतं का?" डॉ. ट्रेविनोंनी विचारलं. ऑपरेशनआधी दोन आठवडे पेशंटनी फक्त प्रोटीनचे शेक प्यायचे असतात. पिष्ट पदार्थ बंद झाले की लिव्हरमधला साठा आणि चरबी उतरते आणि ते आकसतं.

मी नोंद वाचली. "केलंय. आहारतज्ज्ञाने कौतुकही लिहिलंय. शिवाय मधूनमधून जादा उपास केले, अतिशय निश्चयी पेशंट."

काकांनी डोळे मिटले. मास्कमागे ते हसत होते की काय कोण जाणे.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हे श्रावणातलं लिव्हर आहे."

"कसलं?"

"आमच्या पवित्र महिन्यातलं. या महिन्यात आम्ही उपास करतो, म्हणजे धान्य सोडतो. आणि त्याऐवजी खातो साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, साखर. शनिवार, एकादशी, सोमवार. तिने लिव्हर रिकामं केलं आणि पुन्हा भरून आणलं."

"साबुदाणा म्हणजे काय?"

"शुद्ध स्टार्च. तुपात."

डार्नेलने मान हलवली. "ऐकायला तर झकास वाटतंय."

पण पुढचा अर्धा तास कुणी विनोद केला नाही. टाका जिथे घालायचा ती श्वासपटलाची कड लिव्हरच्या खाली खोल होती. डॉ. ट्रेविनो डाव्या हातातल्या हत्याराने लिव्हर उचलत आणि उजव्या हाताने सुई नेत. लिव्हर घसरायचं, सुई झाकली जायची. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी सुईचं टोक लिव्हरच्या कडेला घासलं आणि ओरखड्यातून रक्ताचा बारीक थेंब वर आला.

"पुरे," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, पण कपाळावर घाम होता. "झोळी फसली. इशिता, नोंद कर. गुरु, फॅन घे."

डार्नेलने फॅन पुढे केला. मी टॅबलेटवर बोट नेलं. तिसरी वेळ. अभ्यास इथे थांबणार होता आणि काकांची जागा राहणार होती. त्यांना काही करायचं नव्हतं, फक्त नेहमीसारखा हात पुढे करायचा होता.

त्यांनी फॅन घेतला. डाव्या मुठीत धरला. आणि पडद्याकडे पाहत राहिले.

"गुरु?"

"डॉक्टर, याच्याखाली स्टील नको. कडेला आधीच ओरखडा आहे. एवढं वजन मी चार बोटांवर तासभर उचलून धरलं तर फाटेल. मला ते हातात कळेल, पण कळेपर्यंत फाटलेलं असेल."

"दुसरा उपाय काय?"

"झोळीच. टाका तुमच्या बाजूने आडवा पडतो. माझ्या बाजूने, डाव्या हाताला, तो सरळ आहे. मी रोज इथे उभा राहून पाहतो." "तुम्ही टाक्यापुरतं दोन्ही हातांनी लिव्हर धरा. मी टाका घालतो."

सर्जनच्या नजरेसमोर, तिने सांगितल्यावर टाका घालणं त्यांच्या परवान्यात बसत होतं. पण आजवर त्यांनी इथे फक्त कातडी शिवली होती.

"शेवटचा आतला टाका कधी घातलास?" डॉ. ट्रेविनोंनी विचारलं.

"केया जन्मायच्या आधी. हात विसरला असेल तर पहिल्याच झटक्यात कळेल. मी तिथेच थांबेन."

डॉ. ट्रेविनोंनी दुसरं हत्यार आत घातलं, दोन्ही टोकं लिव्हरखाली सरकवली आणि हळूहळू उचललं. "मी धरलंय."

काकांनी फॅन डार्नेलला परत दिला. उजव्या हातातला कॅमेराही त्याच्याकडे सोपवला. डार्नेलने सुईधारक दिला. सुई अर्थातच उजव्या हाताच्या माणसासाठी लावलेली होती. काकांनी ती मुकाट्याने काढून उलटी लावून घेतली आणि आत गेले.

सुई पडद्यावर आली. डाव्या बाजूने, खालून वर. टोक कडेवर टेकलं, आणि मागे आलं. काकांनी पवित्रा थोडा बदलला, कोपर अंगाशी घेतला. दुसऱ्या वेळी सुई श्वासपटलात गेली, वळली आणि पलीकडे चमकली. ती त्यांनी ओढली नाही, तिच्या स्वतःच्या वळणाने तिला बाहेर येऊ दिलं. मग पट्टीतून एकदा. मग गाठ, गाठीवर गाठ, आणि आणखी एक.

मला एवढंच आठवतं की मी वेळ टिपायला विसरले. नंतर व्हिडिओवरून भरली.

दोन्ही टोकं वर ओढली गेली. पट्टी ताणली. एवढं मोठं श्रावणातलं लिव्हर एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने वर गेलं आणि जठराचं टोक गुलाबी, पूर्ण, उघडं समोर आलं.

डॉ. ट्रेविनोंनी आपली हत्यारं एकेक करून काढून घेतली. लिव्हर राहिलं.

"मॅन," डार्नेल म्हणाला.

"गुरु, हे कुठे शिकलास?"

"वणीला. तिथे लिव्हर धरायला माणूस नव्हता, डॉक्टर. सगळं वळणाने करावं लागायचं."

डॉ. ट्रेविनो मोठ्याने हसल्या. खोलीतले सगळेच हसले. मी टॅबलेटवर आधी उघडलेला रकाना बंद केला आणि लिहिलं: झोळी, यशस्वी. लिहिताना मी काकांकडे पाहिलं. ते मला मराठीत म्हणाले, "काय पाहून राहिली? लिही न."

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलामावशी बसत्या झाल्या होत्या. आम्ही दोघं भेटायला गेलो. रक्ताचा रिपोर्ट चांगला होता.

"शैलाताई," काका खुर्ची ओढत म्हणाले, "साबुदाणा किती खाल्ला?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "उपासालाच. तेही एकवेळ. तो शेक कसा चालेल उपासाला? त्यात काय काय घालतात देव जाणे. मी त्या मुलीला सांगितलं होतं हो, आय वॉज फास्टिंग. ती इतकी खूश झाली!"

"महादेव प्रसन्न झाला असेल, लिव्हर नाही झालं."

"म्हणजे काही झालं का?"

"काही नाही. जरा जड होतं."

"मी आधीच सांगितलं होतं," मावशी समाधानाने म्हणाल्या. पुढच्या महिन्यापासून आमच्या आहाराच्या पत्रकात, ज्या पदार्थांना सक्त मनाई आहे त्यांत साबुदाणा, राजगिरा आणि रताळं आली. डॉ. ट्रेविनो ती नावं पेशंटांना स्वतः वाचून दाखवायच्या, प्रत्येक वेळी वेगळ्या उच्चारात.

त्यानंतरच्या झोळीच्या प्रत्येक केसमध्ये तो टाका काकांनी डावीकडून घातला. झोळी पुन्हा फसली नाही. मी आकडे मांडले तेव्हा झोळीच्या गटात लिव्हरला मार कमी होता, बरगडीखालचं दुखणं कमी होतं. बांधायला मात्र थोडा जास्त वेळ लागत होता. टाका घालणारा हात मध्येच बदलला ही या अभ्यासातली त्रुटी आहे, आणि तीही मी लिहिली. एका हॉस्पिटलच्या आकड्यांवरून जगातले सगळे फॅन मोडीत काढा, असं कुणी म्हणू नये. पण आमच्या खोलीपुरता निकाल लागला होता.

निकालाच्या मीटिंगला काका मागच्या रांगेत बसले होते. इस्त्री केलेला शर्ट, आणि मांडीवर डावा हात, मुठीत. त्या सकाळी काकूंनी मला फोन करून सांगितलं होतं, "यांना तिथे एकटं बसू देऊ नको." म्हणून मी शेजारी बसले.

व्यवस्थापकांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. "म्हणजे लिव्हर धरण्यासाठी वेगळ्या असिस्टंटची गरज उरली नाही."

"बरोबर," डॉ. ट्रेविनो म्हणाल्या. "धरायला माणूस नको. टाका घालायला हवा. चांगला, आणि शक्यतो डावखुरा. माझ्यापेक्षा त्या बाजूने बरा."

"असा माणूस शोधायचा म्हणजे जाहिरात द्यावी लागेल."

"कशाला? शेवटच्या रांगेत बसलाय."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. काकांनीही वळून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी फ्रिजवरची नाडी अजून तशीच लटकत होती. काकूंनी ती काढू दिली नव्हती.

नव्या व्यवस्थेतली पहिली केस मंगळवारी लागली. आता अभ्यास संपला होता, मला तिथे खरं तर काही काम नव्हतं. तरी मी कोपऱ्यात उभी राहिले. फॅनचं पॅकेट टेबलावर नव्हतं. बॅजवर आजही 'डॉ.' नव्हतं. काका नेहमीच्या जागी, पेशंटच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि सवयीने त्यांचा डावा हात वर आला, मूठ करून, रिकामा.

डॉ. ट्रेविनोंची हत्यारं लिव्हरखाली गेली. "मी धरलंय, गुरु."

डार्नेलने सुईधारक पुढे केला. काकांनी सवयीने सुई उलटी करायला दुसरा हात नेला आणि थांबले. सुई डाव्या हातासाठी लावलेली होती. डार्नेलला कुणी सांगितलं नव्हतं.

काकांनी मूठ उघडली आणि ती घेतली.